‘आरे देवा’ कुठे म्हणायचं?

प्रिय बाय,

तुझ्या पत्राचा फोटो आईने पाठवला होता. काल जहाज बंदराला लागलं, मोबाइलला रेंज आली, तेव्हा उघडला. दोन पानं, आणि दुसऱ्या पानावर शाईचा हा मोठा डाग. म्हणजे भांडत भांडत लिहिलंस.

भांडणात दम आहे. पणजीला कॉयरच्या, म्हणजे पाश्चात्त्य समूहगानाच्या, कार्यक्रमात गाणं थांबलं म्हणून तू टाळ्या वाजवल्यास, तर पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून तुझ्याकडे असं पाहिलं की तुझे कान तापले. आठ दिवसांनी आपल्या देवळात गाण्याची बैठक. तिथे आबा भर गाण्यात ‘आरे देवा!’ म्हणून एवढ्याने कण्हले की शेजारच्या काकांनी पाणी देऊ का म्हणून विचारलं. आबांवर कोणी डोळे वटारले नाहीत. उलट गाणाऱ्या बाईंनी हसून मान लववली. मग तू विचारतेस, थांबल्यावर टाळी वाजवली ती चूक आणि चालू असताना ओरडले ते बरोबर, हे कसं? आणि खाली रेघ मारून: ‘आपले लोक गाण्यात गप्प का बसत नाहीत?’

मला आधी हसू आलं. मग वाटलं, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, मांडीवर ठोकून शिकवलं होतं.

आबा नेमके कुठे कण्हले ते आठव. तबल्यावर त्रिताल होता म्हणतेस, म्हणजे १६ मात्रा. पहिलीवर, पाचवीवर, तेरावीवर टाळी, नववीवर खाली, म्हणजे हात नुसता हवेत. सोळा भरल्या की पुन्हा पहिली येते, ती सम. गाणारा मधे कुठेही भटकतो. तान घेतो, उलटा फिरतो, आपल्याला वाटतं की आता हा काही वेळेवर घरी पोचत नाही. आणि अगदी शेवटच्या दोन-तीन मात्रांत तो मुखडा, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळीची सुरुवात, उचलतो आणि समेवर येऊन बसतो, दारातली चप्पल दारात काढल्यासारखा. तेव्हा सगळ्या बैठकीच्या माना एकदम खाली जातात. पुढच्या खेपेस गाणाऱ्याकडे बघू नकोस, माना बघ. ज्यांना आयुष्यात कधी मात्रा मोजता आल्या नाहीत त्यांच्याही माना पडतात. देवळातला दिवटीवाला भिंतीला टेकून अर्धा झोपेत असायचा, त्याचीही पडायची.

आबांचं ‘आरे देवा’ तिथलं. दाद ही पोचपावती असते गं. तू धाडलेलं मला मिळालं, एवढंच ती सांगते. आणि पावती माल हातात पडल्याबरोबर द्यायची असते. कार्यक्रम संपल्यावर एकगठ्ठा टाळ्या वाजवल्या, तर त्यातली कुठली टाळी कुठल्या जागेची हे गाणाऱ्याला कसं कळणार?

माझी फजिती सांगतो. मी अकरा वर्षांचा होतो. आबांसारखं आपल्यालाही दाद देता आली पाहिजे असं मनात घेतलं होतं. घरी आरशासमोर ‘क्या बात है’ म्हणून बघायचो, हात पुढे करून. उत्सवात गवई आले होते. मी पहिल्या रांगेत, बोटांची पेरं मोजतोय. आणि मोजता मोजता चुकलो. खालीला सम समजून भर मात्रेत, चांगलं खणखणीत, ‘क्या बात है!’ तबलजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मागे कोणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं आबा कान पिळणार. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि उरलेलं सगळं गाणं बोटांनी ठेका धरून ठोकत राहिले. धा धिं धिं धा. सम आली की बोट जरा जास्त जोरात. घरी आलो तर मांडीवर लाल ठिपका.

तेव्हापासून तीन-चार वर्षं मी कोणालाच दाद दिली नाही.

आबांच्या ‘आरे देवा’लाही इतिहास आहे. वास्कोला दामोदराचा सप्ताह असतो. नाव सप्ताह, पण भजन चालतं २४ तास, अखंड. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी उभा राहतो तो त्याच्या दुसऱ्या दिवशी उतरतो. बाहेर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, खाज्यांचे ढीग, चिखल, पाळणे, आणि त्या गर्दीत रस्त्याकडेला गाण्याच्या बैठकी. तिथे तिकीट नाही, खुर्ची नाही. कणीस खात खात उभा असलेला माणूस तोंडातला घास तसाच ठेवून ‘वा बुवा’ म्हणतो आणि पुढे जातो. आबा सांगतात की तिथे तरुणपणी ते एकदा पावसात छत्री मिटून उभे राहिले, कारण छत्रीवरच्या पावसाने सूर नीट ऐकू येईना. तोंडातून ‘आरे देवा’ निघालं ते तिथे पहिल्यांदा. ते खरं असेल किंवा छत्री फाटकी असेल, आबांचं काही सांगता येत नाही.

आता एक गंमत बघ. आपण घरात कोकणीत बोलतो, आणि मी तुला पत्र मराठीत लिहितो. मागे तू विचारलंही होतंस. मी मुंबईत होतो तेव्हा आबांची पत्रं मराठीतच यायची. आरती मराठी, भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, रागावणं तेवढं कोकणीत. नाटकाची आठवण झाली म्हणून सांगतो, दाद तिथे तर हट्टालाच पेटते. आमच्या लहानपणी गावच्या नाटकात दिवसा सायकलवरून टपाल वाटणारा माणूस रात्री कृष्ण व्हायचा. पद संपलं की मांडवातून ‘वन्स मोअर’. रुक्मिणी बिचारी पुढचं वाक्य तोंडात धरून उभी. तो पुन्हा गायचा, आणि दुसऱ्यांदा वेगळं गायचा, हे महत्त्वाचं. तसंच गाईल तर ‘वन्स मोअर’ कशाला? कथा रात्रभर खोळंबायची, पहाटे चारला लग्न लागायचं. शहरातल्या लोकांना हे गावठी वाटतं. मला अजूनही तसं नाटक दुसरं दिसलं नाही.

पण सगळीकडे तोंड उघडायचं नसतं, हे मला एका कॅसेटने शिकवलं.

दहावीच्या सुट्टीत आजीने दिलेल्या पैशांतून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी किशोरी आमोणकरांची कॅसेट घेतली. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपात सूर पाचच, सा रे ग प ध. पाच सुरांत माणूस किती वेळ राहू शकतो, मी मोजत बसलो होतो. मग मोजायचं विसरलो. ती कॅसेट मी इतकी वाजवली की ‘सहेला रे’च्या एका जागी फीत ताणली गेली आणि तिथे सूर जरासा ओघळायचा, ओला कपडा दोरीवरून घसरावा तसा. आता माझ्या मोबाइलमध्ये तेच गाणं स्वच्छ आहे, आणि ती जागा आली की माझा जीव अजून खाली जातो. सूर तिथेच राहतो. मला चुकल्यासारखं वाटतं.

त्या कॅसेटवर मी कधीच ‘वा’ म्हटलं नाही. एकदा आबा म्हणायला गेले आणि अर्ध्यात थांबले. किशोरीताईंना श्रोत्यांची चुळबुळ खपत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आलापीत ‘वा’ टाकायला फटच नसते. तिथे गप्प राहणं हीच दाद, आणि ते गप्प बसणं गाणाऱ्याला बरोबर ऐकू जातं. नुसता कंटाळून गप्प बसलेला श्रोता वेगळा, तोही ऐकू जातो.

गेल्या उन्हाळ्यात आपण कुर्डीला गेलो होतो ना, साळावली धरणाचं पाणी ओसरल्यावर? भेगाळलेली जमीन, घरांचे नुसते चौथरे, आणि आबांनी उन्हात चप्पल काढून हातात घेतली. तू म्हणालीस, पाय भाजतील. किशोरीताईंच्या आई, गायिका मोगूबाई कुर्डीकर, त्या गावच्या. १९०४ चा जन्म. वर्षातले दहा-अकरा महिने ते गाव पाण्याखाली असतं. मोठ्या गवयाचं नाव घेताना आपण कानाच्या पाळीला हात लावतो तसंच ते चप्पल काढणं. आबांना तिथे पाळी पुरली नाही एवढंच.

आता कॉयरवाल्या बाईंकडे येऊ. त्यांचं वळून बघणं मलाही आवडलं नाही, लहान मुलाकडे असं बघू नये. पण त्यांचं कारण खोटं नाही. तू ज्याला शेवट समजलीस ती मधली वाट होती. त्या संगीतात एक मोठी रचना तीन-चार भागांची असते आणि दोन भागांमधली शांतताही रचनेचीच. तिथे टाळी वाजवणं म्हणजे आमच्या गवयाच्या मुखड्यात खोकणं. सोपी खूण सांगतो: गाणाऱ्यांना हातांनी खुणावणारा जो आपल्याकडे पाठ करून उभा असतो त्याचे हात बघ. ते पूर्ण खाली येऊन तो वळला की टाळी. ओल्ड गोव्याला डोंगरावरच्या मोंतीच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, मी एकदा दोन्ही ऐकलं, आत कॉयर आणि बाहेर उघड्यावर आपलं गाणं. आत श्वास धरून बसलेली तीच माणसं बाहेर येऊन माना डोलवत होती. कोणाला काही जड गेलं नाही. घुमट या चामडं लावलेल्या वाद्याचं तरी काय, आपल्या आरतीत वाजतं आणि त्यांच्या मांडोत, म्हणजे कोकणी ख्रिस्ती गाण्यातही, वाजतं.

आणि शेवटची भैरवी झाल्याशिवाय उठायचं नाही, हे दोन्हीकडे लागू समज. एकदा कला अकादमीत मी आणि आबा होतो. साडेदहाला मी घड्याळ दाखवलं, फोंड्याची बस जाईल म्हणून. आबा म्हणाले, ‘बस उद्याही आहे.’ भैरवी झाली, बस गेली. रात्रभर स्टँडच्या बाकावर बसलो, डासांनी फोडून काढलं. आबा मधेच ती ओळ गुणगुणायचे आणि मला विचारायचे, ‘इथे कोमल धैवत कसा लावला रे तिने?’ मी झोपेत ‘हूं’ म्हणायचो. तीही दादच.

इथे मी जहाजाच्या लाँड्रीत असतो ते तुला माहीत आहे. चादरीची घडी दोघांनी घालायची, चार झटके. चार चादरी म्हणजे एक आवर्तन, सोळावा झटका झाला की पुढचा सम. समोरचा पोरगा फिलिपिन्सचा, माझ्याच केबिनमधला. त्याला ठेका कळला आहे, सम का ते कळलं नाही. रात्री मी कानात अभिषेकीबुवा लावून पडतो, मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी. आणि मला न कळत तोंडातून ‘वा’ जातो. त्याने एकदा पडदा सरकवून विचारलं, कोणाशी बोलतोस? आता काय सांगू, जे १९९८ सालीच गेले त्यांच्याशी? मग एका रात्री क्रू बारमध्ये तो कराओके गात होता आणि एका जागी खरोखर छान गेला. मी म्हटलं, ‘क्या बात है!’ तो गायचा थांबलाच, घाबरून. आता सगळा क्रू कोणीही काहीही केलं की ‘क्याबात’ म्हणून ओरडतो. सूप चांगलं झालं तरी.

पण माझ्यापेक्षा वाईट अवस्था आहे केसरबाईंची. आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, जन्म १८९२. (कानाला हात लाव.) १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली, जगभरचं दीड तासाचं संगीत. त्यात भारतातलं एकच गाणं, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटं. दुसरं यान निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती भैरवी आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहे. आबा म्हणतात, ‘पोचली खरी, पण तिथे समेवर मान कोण हलवतो?’

या गणेशचवथीला मला येता येणार नाही, कॉन्ट्रॅक्ट संपायला वेळ आहे. माझं घुमट पोटमाळ्यावर आहे, ते काढून चामडं उन्हात ठेव, दमट झालं असेल. फार वेळ नको, फाटेल. आरतीला कासाळें, म्हणजे मोठे टाळ, तू घे, हात मोकळे राहिले की तू टाळ्याच वाजवशील. आणि दिवाळीनंतरच्या बैठकीला आबांच्या शेजारी बस. राग कुठला, गाणारी कोण, ते मला नको. त्यांचं ‘आरे देवा’ कुठल्या शब्दावर आलं तेवढं लिही. रेकॉर्डिंग पाठवू नकोस, इथे नेट महाग पडतं.

तुझा
पपा