शास्त्र, परंपरा, बुद्धी, अनुभव: अखेरचा शब्द कुणाचा?

सलाम. पाळकसाहेब म्हणतात फक्त पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तुमचे कॅथलिक सासरे म्हणतात शास्त्राचा अर्थ लावायचा अधिकार चर्चचा, आणि प्रार्थनेत तुम्हाला जे जाणवतं ते दोन्हींत बसत नाही. मग मानायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. वडोदऱ्यात फतेगंजला आमच्याकडे गुरुवारी प्रार्थनासभा असते. उपासना गुजरातीत, घरातलं वाचन मराठीत, त्यामुळे दोन्ही शास्त्रं उघडी असतात. एकदा रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय चालू होता. शरीरं जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करा, ‘ही तुमची आध्यात्मिक सेवा आहे’, असं मी वाचलं. शेजारच्या बेननी मान वर केली. त्यांच्या पानावर ‘बुद्धिपूर्वकनी सेवा’ होतं. मूळ ग्रीक शब्द ‘लोगिकोस’, आणि त्यातून दोन्ही अर्थ निघतात. त्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्या वचनावर गेलोच नाही. फक्त शास्त्रच वाचत होतो ना आम्ही? तरी भाषांतरकार, ग्रीक कोश आणि शेजारी बसलेली बहीण, सगळे त्या वाचनात होते.

शास्त्रात कोणती पुस्तकं धरायची, ती यादीसुद्धा शास्त्रात नाही. आज आहेत तीच नेमकी २७ पुस्तकं नव्या कराराची म्हणून नोंदलेली सापडतात ती अथनासियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात. आणि जुना-नवा करार मिळून तुमच्या घरच्या शास्त्रात ६६ पुस्तकं, सासरच्या कॅथलिक शास्त्रात ७३.

म्हणून पाळकसाहेब चुकले असं मात्र नाही. १५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर म्हणाला की शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवा, कारण पोप आणि धर्मसभा चुकलेल्या आहेत. परंपरा फेकून द्या असा त्याचा अर्थ नव्हता. परंपरेलाही शास्त्रापुढे उभं करता आलं पाहिजे, असा होता. सासऱ्यांची बाजूही नीट ऐका. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे. आम्हा मेथडिस्टांत शास्त्र, परंपरा, बुद्धी, अनुभव असे चार आधार सांगतात. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या लिखाणावरून ती चौकट विसाव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ आल्बर्ट आउटलर यांनी मांडली. चारही आधारांचं वजन सारखं असा तिचा अर्थ लावणं मला मान्य नाही.

मला खरा उलगडा झाला तो प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची सुंता करायची का, हा वाद. उत्पत्ती १७ मधलं वचन सरळ सुंतेच्या बाजूचं, देवाचा तो करारही सर्वकाळचा. तरी पेत्र उठून कर्नेल्य या परराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या घरचा अनुभव सांगतो, पौल आणि बर्णबा आपल्या फेरीत काय घडलं ते सांगतात, सगळे गप्प बसून ऐकतात. मग याकोब नुसत्या अनुभवावर शिक्का मारत नाही, तो आमोस संदेष्ट्याचं वचन काढतो. निर्णयाच्या पत्रातले शब्द बघा: ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’. अनुभवामुळे ते शास्त्राकडे परत गेले आणि तिथे आधी न दिसलेलं त्यांना दिसलं.

तुमच्या जाणिवेचं असंच करा. आमच्या सभेत एका भावाला वाटलं होतं, देवाने रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. आम्ही त्याला खोटं ठरवलं नाही. त्याच्याबरोबर बसून वचन उघडलं, प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी दोघं जण त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. गोळ्या चालू राहिल्या, साक्ष द्यायलाही तो उभा राहतो.

मी स्वतः शेवटचा शब्द शास्त्राचा मानतो, पण एकट्याने वाचलेल्या शास्त्राचा नाही. तुम्हाला काय जाणवलं ते इथे लिहू नका, आधी पाळकसाहेबांना सांगा. आणि सासऱ्यांबरोबर कृत्ये १५ वाचायला बसा, त्यांचं शास्त्र त्यांच्या हातात, तुमचं तुमच्या.