अमेरिकेच्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधन करणारी आणि त्याला पैसा पुरवणारी सरकारी संस्था) प्राण्यांवरचे प्रयोग बंद केले, हे खरं आहे का?

नाही, बंद केलेले नाहीत. सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनात ते कमी करायचं ठरवलंय. एप्रिल २०२५ मध्ये एनआयएचने मानवी पेशी आणि संगणकीय मॉडेल यांवर आधारलेल्या पद्धतींना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं. उंदरांवरचा अर्ज तेवढ्याने बाद होत नाही. २०२२ च्या अखेरीस तिथला औषधांचा कायदा बदलला, तोही असाच: प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती गेली, बंदी आली नाही. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते.

मुळात वाद नुसता भूतदयेचा नाही. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. माकडांना ते कित्येक पट जास्त देऊनही काही झालं नव्हतं. इथे मात्र सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात! नंतर कारण कळलं. त्या माकडांच्या काही टी-पेशींवर (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवर) औषधाने पकडायचं प्रथिनच नव्हतं.

म्हणून प्राणी सोडून द्यावेत? मला तरी इतकं सोपं वाटत नाही. चिपवर (छोट्याशा पट्टीवर) मानवी पेशींपासून वाढवलेलं यकृत विषारीपणा चांगला दाखवतं, पण गर्भधारणा, वेदना, वागणूक, सगळ्या अवयवांचा एकमेकांशी चालणारा व्यवहार त्यात कुठून येणार? विषारीपणाच्या ठरावीक चाचण्यांत बदल लवकर होईल, मेंदूच्या संशोधनात बराच उशिरा.

आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये औषधचाचण्यांचे नियम बदलून अशा पर्यायी पद्धतींना जागा दिली आहे. त्याची चर्चा फारशी झाली नाही, एवढंच.