ब्लॅक सॅबथ ऐकायला कुठून सुरुवात करावी

तू लिहिलंयस की गायक ऑझी ऑस्बोर्न वारल्यापासून त्याचा बँड, इंग्लंडचा ब्लॅक सॅबथ, नीट ऐकायचं मनावर घेतलंस, पण एकोणीस अल्बम बघून कुठून शिरावं कळेना. 'पॅरानॉइड' हे गाणं आवडलं, म्हणून पहिल्या अल्बमपासून ओळीने लावत गेलास आणि दोन दिवसांत कंटाळलास. ठाण्याहून वाशीला कॉलेजला जाता-येता ऐकतोस हेही सांगितलंस, ते बरं केलंस.

'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' लाव. १९७१चा, तिसरा अल्बम. साधारण साडेचौतीस मिनिटांचा आहे, म्हणजे ठाण्याला गाडी सुटताना लावलास तर वाशीपर्यंत जवळजवळ होतो.

बहुतेक जण तुला 'पॅरानॉइड' हा अल्बम सांगतील. तो मोठा अल्बम आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यातली तीन गाणी तू जाहिरातीत, सिनेमात, कुणाच्या रिंगटोनमध्ये आधीच ऐकलेली असतात, त्यामुळे कान ताजा राहत नाही. शिवाय हा बँड इतरांपेक्षा वेगळा का वाजतो, ते सगळ्यात स्वच्छ तिसऱ्या अल्बममध्ये कळतं. त्यासाठी गिटारवाल्या टोनी आयोमीचा उजवा हात माहीत हवा.

आयोमी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडून बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं आणि तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आईने सांगितलं, काम पुरं करून ये. त्याचं रोजचं काम वेल्डिंगचं, पण त्या दिवशी पत्रा कापायच्या प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथे उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये एका प्रेस शॉपमध्ये होते. शाळेत असताना मी त्यांचा डबा द्यायला जायचो. गेटच्या आत पाऊल टाकलं की आवाज कानाआधी तळपायाला लागायचा. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, पंच खाली येणार, तुकडा पडणार, की पुन्हा पत्रा. आठ तास तेच. बाबांच्या शेजारच्या मशीनवरचे एक काका आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एका रात्रपाळीत त्यांचं मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी गेलं. त्यानंतर ते भजनाला यायचे, टाळ वाजवायचे, पण पेटीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पेटी कुणीतरी दुसरं वाजवत असायचं आणि ते तिच्याकडे बघत नसत.

आयोमीकडे त्याच्या फोरमनने एक रेकॉर्ड आणली, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची. आधी ऐकवली आणि मग सांगितलं, हा माणूस आगीत हात भाजल्यापासून दोनच बोटांनी असं वाजवतो. त्यावर आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. जाड तारा त्या टोप्यांनी दाबल्या जाईनात, आणि बारीक तारांचे संच तेव्हा मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा गिटारला लावल्या. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'च्या वेळी आणखी पुढे जाऊन त्याने काही गाण्यांसाठी सगळी गिटारच तीन अर्धस्वर उतरवली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनवरून काळी एकवर आणली. तारा सैल पडल्या की दुखऱ्या बोटांना सोपं जातं. पण सैल तार नुसती खाली वाजत नाही, ती लोंबते, झटका दिल्यावर थरथरत परत जागेवर येते. गीझर बटलरने बेसही तसाच उतरवला. आज जगभर 'हेवी' म्हणून जो आवाज ओळखतात त्याची मुळी तिथे आहे.

म्हणून म्हणतो, पहिल्या फेरीत शब्दांकडे जाऊ नकोस. मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच लावू नकोस. त्यात बटलर ऐकूच येत नाही आणि बटलर नसेल तर अर्धा सॅबथ गेला. साधे वायरवाले इअरफोन चालतील. इक्वलायझरमधला बास बूस्ट बंद ठेव, नाहीतर बेस आणि गिटारचा एकच चिखल होतो.

अल्बम खोकल्याने सुरू होतो. तो आयोमीचाच खोकला आहे, टेपवर पकडून गोल फिरवलेला. ते गाणं, 'स्वीट लीफ', गांजावर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. 'आफ्टर फॉरएव्हर' ऐकशील तेव्हा हे लक्षात घे की ज्या बँडला लोक सैतानाचे भक्त म्हणत होते त्यांचं हे गाणं उघड देवाच्या बाजूचं आहे. बहुतेक गाणी लिहिणारा बटलर कॅथलिक घरात वाढला होता. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' येताच तुला पट्टी उतरल्याचं जाणवेल, खोली एकदम खोल झाल्यासारखी. मधल्या 'ऑर्किड'मध्ये दीड मिनिट नुसती अकूस्टिक गिटार आहे, तीही त्याच हाताची. आणि 'सॉलिट्यूड' शांतपणे ऐक. बासरी आयोमी वाजवतोय. कितीतरी जणांना तो आवाज ड्रमर बिल वॉर्डचा वाटतो, पण तो ऑझीच आहे. ऑझीला गाता येत नव्हतं असं कुणी म्हणालं तर त्याला हे गाणं ऐकव.

चार-पाच दिवस हाच एक अल्बम ठेव. मग मागे जा.

पहिल्या अल्बमने तुला कंटाळा आणला त्यात नवल नाही. तो शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि जवळजवळ सगळा एका दिवसात रेकॉर्ड झालेला आहे, स्टेजवर वाजवतात तसा. त्यात ब्लूजचा लांबचलांब पसारा आहे आणि तो सरावलेल्या कानालाच गोड लागतो. सध्या त्यातलं पहिलं गाणं पुरे. पाऊस, चर्चची घंटा, आणि मग तीन स्वर: षड्ज, वरचा षड्ज, तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. तू गाणं शिकला असशील तर पेटीवर वाजवून बघ. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम आपल्याला अलगद पंचमाकडे नेतो. इथे तो कुठेच नेत नाही, जागच्या जागी थरथरत राहतो. भीती वाटते ती त्याची. तीन स्वरांत एवढं करणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

'पॅरानॉइड' आता ऐक, पण 'वॉर पिग्ज'पासून, सलग. अल्बमचं नावही आधी तेच ठेवायचं होतं. तुला आवडलेलं शीर्षकगीत अल्बम कमी भरला म्हणून ऐनवेळी काही मिनिटांत रचलेलं आहे. 'हँड ऑफ डूम' चुकवू नकोस. व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांवर आहे. बँडची ही बाजू, म्हणजे युद्धाबद्दलचा आणि त्यात भरडल्या जाणाऱ्या पोरांबद्दलचा राग, काळ्या कपड्यांच्या गोष्टींत झाकली जाते. ही कामगार वस्तीतली पोरं होती. ऑझीने कत्तलखान्यात काम केलेलं, गाड्यांचे हॉर्न जुळवायच्या कारखान्यातही.

पुढे १९७२चा 'व्हॉल्यूम फोर' आणि १९७३चा 'सॅबथ ब्लडी सॅबथ' हे जोडीने घे. दुसऱ्याच्या वेळी आयोमीला काही सुचेनासं झालं होतं. इंग्लंडमधल्या एका जुन्या किल्ल्यात जाऊन राहिले तेव्हा शीर्षकगीताचा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, सापडला. त्या गाण्याच्या शेवटच्या भागात तो जो रिफ आणतो, तो कानाशी किती जड लागतो ते तूच ठरव. १९७५चा 'सॅबोटाज' मला स्वतःला फार जवळचा आहे, पण तो कोर्टकचेरीने पिचलेल्या माणसांचा अल्बम आहे, त्याला घाई करू नकोस. त्यानंतरचे ऑझीबरोबरचे दोन राहू देत.

१९८०चा 'हेवन अँड हेल' मात्र वेगळा बँड समजून ऐक. ऑझीला काढलं होतं, गायला रॉनी जेम्स डिओ आला होता. फरक कान लावल्यावर लगेच कळतो. ऑझी बऱ्याचदा रिफच्या चालीवरूनच चालतो, 'आयर्न मॅन'मध्ये गिटार जाईल तिथे तोही जातो. डिओ रिफच्या वरून आपली स्वतंत्र चाल बांधतो, त्यामुळे आयोमीला खाली मोकळी जागा मिळते. ऑझी मोठा की डिओ यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला दोघेही हवेत. 'हेवन अँड हेल' आवडला तर 'मॉब रूल्स' घे, मग १९९२चा 'डीह्युमनायझर'.

टोनी मार्टिन गायलेले पाच अल्बम लोक उगाच टाळतात. त्यातला १९८९चा 'हेडलेस क्रॉस' वर्षभराने ऐक. २०१३चा '१३' सगळ्यात शेवटी. एकोणीसही अल्बममध्ये असलेला माणूस एकच, आयोमी. म्हणून कुठेही हरवलास तर गिटार धरून चाल.

आता पुन्हा पहिल्या अल्बमकडे, म्हणजे तुझ्या पहिल्या. माझ्याकडे 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' कल्याणच्या मामेभावाने भरून दिलेल्या कॅसेटवर होता. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला जेमतेम तीस मिनिटं. शेवटचं 'इन्टू द व्हॉइड' सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच टेप खट्ट करून थांबायची. कितीतरी वर्षं माझ्यासाठी ते गाणं तेवढंच होतं. पूर्ण ऐकलं ते नोकरीला लागल्यावर, सीडीवर, आणि पुढे चार मिनिटं अजून आहेत हे कळल्यावर रात्री सीडी परत परत लावत बसलो.

तुझ्या प्रवासात ते साधारण सानपाड्याच्या आसपास सुरू होईल आणि वाशीला गाडी थांबेल तेव्हा निम्म्यात असेल. उतर, पण बंद करू नकोस. फलाटावरच्या बाकावर बस आणि पुरं होऊ दे.