काळ्या मातीत लिंबू लावताय?

भाऊ, तुमची माती काळी, म्हणजे आमच्या तापीकाठासारखीच. तिच्यात लिंबू तहानेनं कमी आणि पाणी साचून जास्त मरतं. माझं पहिलं झाड असंच गेलं. रोज बादलीभर पाणी बुंध्यातच ओतायचो. दुसऱ्या पावसाळ्यात सालीतून डिंक गळायला लागला, मग पानं पिवळी, मग काटक्या. म्हणून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, त्यात माती, मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा आणि वर वीतभर उंचवटा करून रोप लावा. कलमाचा सांधा मातीत गाडू नका. बुंध्याला सांध्याच्या खालपर्यंतच मातीची भर द्या, पाण्याचं आळं त्याच्या बाहेर, फांद्यांच्या टोकाखाली.

पानावर पाखराची शिट दिसली तर काडीनं डिवचून बघा. हलली तर ती फुलपाखराची अळी, छोटं रोप बघता बघता बोडकं करते. हातानं वेचा, फवारणी कशाला?

मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पहिली दोन वर्षं पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करा आणि आळ्यात केळीची वाळलेली पानं अंथरा. एवढी कटकट नको असेल, तर सरळ जळगावजवळच्या मेहरूणच्या बोराचं कलम लावा!