थंडीत पाण्याचा हात आवरा
ताई, पुण्यातल्या थंडीने कुंडीतली झाडं सहसा मरत नाहीत, मरतात ती जास्तीच्या पाण्याने. डिसेंबर-जानेवारीत माती लवकर वाळत नाही. बोट पेरभर खुपसून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नकोच. द्यायचं ते सकाळी, ऊन आल्यावर. अडेनियमला, म्हणजे त्या जाड बुंध्याच्या फुलझाडाला, तर अगदी क्वचित. मोगरा सध्या विसावलाय, त्याला आत्ता खत घालू नका. जानेवारीअखेर छाटा, मग उन्हाळ्यात बघा कसा फुलतो! तुळशीच्या मंजिऱ्या मात्र खुडत राहा. शेवंतीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. आणि रिकाम्या कुंडीत मेथी पेराच, महिन्याभरात भाजी होते.