ताप कधी आला, ते आधी विचार

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. गल्लीतल्या एका मुलाला डेंग्यू झाल्यावर तिथल्या बायकांनी तुला घेरलं आणि "औषध टाकलं, धूर केला, तरी शेजारच्या दोघांना डेंग्यू झालाच कसा?" असं विचारलं. तुला उत्तर सुचलं नाही. आरोग्य खात्यातल्या नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात हा प्रश्न अंगावर आला हे एका परीने बरं झालं, कारण त्याचं उत्तर फवारणीच्या पंपात नाही, तारखांत आहे.

तू लिहितेस, त्या मुलाला ताप १ तारखेला आला आणि शेजारच्या दोघांना ६ तारखेला. आता बोटांवर मोज. मुलाच्या रक्तात विषाणू ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून, ताप आल्यावर साधारण पाच दिवसांपर्यंत असतो. समजा, एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, मादी त्याला आदल्या दिवशीच चावली. रक्ताबरोबर तिच्या पोटात गेलेला विषाणू तिच्या लाळेत पोचायला आठ ते बारा दिवस घेतो. म्हणजे ८ तारखेच्या आत ती कुणालाच डेंग्यू देऊ शकत नाही. ८ नंतर ती शेजाऱ्याला चावली, तर त्याला ताप येणार आणखी चार ते सात दिवसांनी. हिशेब १२ ते १९ तारखेत जातो. ६ तारखेला तापलेले दोघे त्या मुलामुळे आजारी पडलेलेच नाहीत! तिघांनाही बहुधा एकाच ठिकाणच्या, आधीच तयार झालेल्या मादीने गाठलं, आणि तेही तुझा धूर व्हायच्या आधी. एडिसला एका बैठकीत पोटभर रक्त मिळतंच असं नाही. कुणी हात झटकला की ती उठते आणि दुसऱ्याच्या पोटरीवर बसते. एकाच घरात दोन-तीन जण एकदम आडवे होतात ते त्यामुळे.

तेव्हा तुझ्यापुढे दोन कामं आहेत. एक मागचं: मागच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे तिघे दिवसा कुठे होते? एडिस दिवसा चावते. शाळा, शिकवणी, कारखाना, विडीचा ब्रँच, जिथे तिघांचे पाय लागले ती जागा शोध. दुसरं पुढचं: त्या मुलाचं रक्त प्यालेल्या माद्या ८ तारखेपर्यंत निरुपद्रवी आहेत. तेवढ्या अवधीत घराच्या आत, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे त्या मारल्या तर साखळी तुटते. रस्त्यावरून गाडी फिरवून सोडलेला धूर हा लोकांच्या समाधानाचा कार्यक्रम आहे, त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

मला तुला सांगायचंय ते एवढंच की कुठल्याही कीटकजन्य रोगापुढे उभी राहिलीस की आधी विचार: जंतू आत्ता कुणाच्या अंगात आहे, अंगात नेमका कुठे आहे, आणि पुढच्या मुक्कामाला पोचायला त्याला किती दिवस लागतील? आपल्याकडे बरेच जण तपासणीचा अहवाल आला ती तारीख लिहून मोकळे होतात. ती तारीख लॅबची. रोगाची तारीख म्हणजे ताप चढला तो दिवस.

डास म्हणजे दूषित सुई नव्हे, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. तुलाही कुणीतरी विचारेलच, "डास चावून एड्स होतो का?" होत नाही. त्याचं कारण समजलं की अर्धा विषय समजला. डासाच्या सोंडेत दोन वेगळे मार्ग असतात. एकातून रक्त वर ओढलं जातं, दुसऱ्यातून लाळ खाली सोडली जाते. प्यालेलं रक्त परत माणसाच्या अंगात जात नाही. म्हणून जंतूला डासाच्या पोटातून बाहेर पडून लाळेत यावंच लागतं. एचआयव्ही डासाच्या पोटात वाढू शकत नाही, तो तिथेच पचून जातो.

डेंग्यूचा विषाणू आधी जठराच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो. तिथे जमलं नाही तर खेळ खलास. काही माद्यांत तो तिथेच अडतो. जमलं तर वाढतो, जठराबाहेर पडतो, डासाच्या अंगात मोकळ्या फिरणाऱ्या द्रवातून पसरतो, चरबीच्या पेशींत आणखी वाढतो आणि शेवटी छातीतल्या लाळग्रंथींत शिरतो. त्यानंतर ती मादी मरेपर्यंत रोग देऊ शकते. पण निसर्गात बऱ्याच माद्या एवढे दिवस जगतच नाहीत. म्हणून डासाचं वय हाच आपल्या खात्याचा खरा विषय आहे, संख्या त्याच्या मागून येते.

माणसाच्या अंगातली वाटही तशीच वळणाची. लाळेबरोबर विषाणू कातडीत उतरतो. तिथे जंतू पकडायला बसलेल्या पेशींनाच तो पकडतो, त्यांच्यातच वाढतो आणि त्यांच्याबरोबर लसीकाग्रंथींत, म्हणजे काखेत-जांघेत असतात तसल्या गाठींत, जातो, तिथून रक्तात. ताप येतो तो या टप्प्यावर. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन तपासणी कामाची, कारण विषाणूचं प्रथिन रक्तात फिरत असतं. पाच दिवसांनंतर आयजीएम मागायची, कारण तोवर शरीराने प्रतिपिंडं बनवलेली असतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली, 'निगेटिव्ह' आली, घरचे निर्धास्त झाले, असं फार वेळा पाहिलंय. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात सांगच. डेंग्यूत धोका ताप चढताना कमी, उतरताना जास्त. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो तेव्हा काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागतं. पोट दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, पेशंट गळून जाणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता सिव्हिलला न्यायचं. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या इतर गोळ्या मेडिकलमधून परस्पर घ्यायच्या नाहीत.

यात एक कटकट आहे. डेंग्यूची लागण झालेल्या चारांपैकी साधारण तिघांना काहीच जाणवत नाही. ते कामाला जातात, डास त्यांनाही चावतात आणि विषाणू घेऊन जातात. तुझ्या यादीत ते कधीच येणार नाहीत.

चिकुनगुन्याही एडिसचाच. आपल्या सोलापूर जिल्ह्याचं नाव या रोगाच्या इतिहासात आहे हे तुला कुणी सांगितलं नसेल. १९७३ साली बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर देशात हा रोग जवळजवळ विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा विषाणूचं घराणंच बदललेलं होतं. बार्शीचा आशियाई वंशाचा, नंतरचा आफ्रिकी. हा विषाणू डासाच्या लाळेत डेंग्यूपेक्षा लवकर पोचतो, म्हणून साथ गल्लीच्या गल्ली धरते. सांध्यांत मुक्काम करतो, आणि ताप गेल्यावरही माणसं महिनोन्महिने भिंत धरून उठतात.

आता सोलापूरचं पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात "पाणी साठवू नका" असं सांगायला तोंड कसं उघडायचं, हे मला कधी समजलं नाही. उजनी धरण भरलेलं असो की आटलेलं, हौद, बॅरल, रांजण सगळं भरून ठेवावंच लागतं. त्यापेक्षा झाकायला सांग, आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायला सांग. नुसतं ओतून भागत नाही. एडिस अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्याचा. जो हौद रिकामा करणं शक्यच नाही, त्यात गप्पी मासे सोड.

हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा, इतिहास आपल्यापासून फार लांब घडला नाही. वाडीमार्गे जाणारी गाडी धरलीस की सिकंदराबाद. तिथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी एका डासाचं जठर सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाहिलं. चार दिवसांपूर्वी तो डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला चावलेला होता. चावून घेण्याबद्दल त्याला दर डासामागे एक आणा मिळत असे. जठराच्या भिंतीत रॉसना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना त्यांनी परजीवी लाळग्रंथींपर्यंत जाताना पाहिला, आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तू कधी अ‍ॅनॉफिलीसचं, म्हणजे हिवतापाच्या डासाचं, विच्छेदन शिकलीस तर हात थरथरेल. थरथरू दे. दोन सुया, मिठाच्या पाण्याचा थेंब आणि चिकाटी एवढंच लागतं.

हिवतापाचा परजीवी प्रत्येक मुक्कामी रूप बदलतो, म्हणून त्याच्या औषधांचा गोंधळ होतो. चावल्यावर थोडेसेच परजीवी अंगात जातात आणि थेट यकृत गाठतात. तिथे आठवडाभर गुपचूप वाढतात. ताप नाही, रक्तात काही नाही, रक्ताची स्लाइड स्वच्छ. मग हजारोंनी लाल पेशींवर पडतात. या परजीवीच्या दोन जाती तुला भेटतील, व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. व्हायवॅक्समध्ये लाल पेशी दर ४८ तासांनी फुटतात, म्हणून एकाआड एक दिवस थंडी. फॅल्सिपेरमचे मोठे झालेले परजीवी असलेल्या लाल पेशी मेंदूसारख्या अवयवांच्या बारीक वाहिन्यांना चिकटून बसतात. म्हणून बोटाच्या रक्तात तुला बहुतेक नुसत्या रिंगाच, म्हणजे कोवळे परजीवी, दिसतील, आणि पेशंटची अवस्था मात्र स्लाइडवरून वाटते त्यापेक्षा वाईट असेल. स्लाइड हा रोगाचा फक्त एक कोपरा आहे हे फॅल्सिपेरम शिकवतो.

माणसाकडून डासाला लागण व्हायला रक्तात परजीवीची नर-मादी रूपं असावी लागतात. व्हायवॅक्सची ती लवकरच येतात. फॅल्सिपेरमची चंद्रकोरीसारखी रूपं अस्थिमज्जेत तयार होत राहतात आणि रक्तात दहा-बारा दिवसांनी उतरतात, बऱ्याचदा ताप गेल्यावर. बरा झालेला माणूसच डासांना परजीवी देतो. म्हणून फॅल्सिपेरमला प्रायमाक्विनचा एक डोस, तोही 'आता बरं वाटतंय' म्हणणाऱ्याला. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी जागे होतात. त्यांच्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. तिसऱ्या दिवशी ताप गेला की लोक गोळ्या डब्यात टाकतात. त्यांना "कोर्स पूर्ण करा" म्हणू नकोस, ते भिंतीवर लिहिलेलंच आहे. "रक्तातला गेलाय, काळजातला झोपलाय" असं सांग. आपल्याकडे यकृताला काळीजच म्हणतात, लगेच कळतं. मात्र गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी नाही, आणि लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे.

प्लेगचं थोडक्यात सांगतो, कारण जंतूला लाळेत यावंच लागतं या नियमाला तो अपवाद आहे. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला गाठीचा प्लेग. त्याचा जिवाणू पिसवेच्या पोटाची भिंत ओलांडून कधीच बाहेर पडत नाही, लाळेत जात नाही. तो जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेत चिकट गोळा करून बसतो. पिसू रक्त ओढते, ते खाली उतरत नाही, उपाशी राहून ती वेड्यासारखी चावत सुटते, आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत ओकते. पिसवा बहुधा पायाला चावतात, म्हणून गाठ जांघेत येते. चावा कुठे आणि गाठ कुठे हे जुळवलंस की मधली लसीकावाहिनी न पाहता कळते.

राहिला हत्तीरोग. क्यूलेक्स डास, गटाराचं घाण पाणी. इथे जंत डासात एकाचे हजार होत नाहीत. जेवढे गिळले त्यातले काही पंखांच्या स्नायूंत जाऊन मोठे होतात, मग सोंडेकडे सरकतात. डास चावताना ते कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या भोकातून स्वतःच आत सरपटतात. म्हणून एखाद-दुसऱ्या चाव्याने हत्तीरोग होत नाही, वर्षानुवर्षं चावे खावे लागतात. मोठे जंत लसीकावाहिन्यांत राहतात. त्यांची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या वाहिन्यांत दडतात आणि रात्री, क्यूलेक्सच्या चावायच्या वेळेला, बोटाच्या रक्तात येतात. रात्री दहा ते दोन ही त्यांची गर्दीची वेळ. दिवसा घेतलेली स्लाइड कितीही काळजीने रंगवलीस तरी रिकामी निघेल.

तुझी रात्रीच्या रक्तसर्वेक्षणाला नेमणूक लागणार असं लिहिलंयस. साडेआठच्या आत एकही दार वाजवू नकोस. दुपारीच गल्लीत जाऊन सांगून ये, नाहीतर लोक झोपेतून उठवल्याबद्दल शिव्या घालतील आणि ते बरोबरच असेल. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी आशाताई बरोबर घे. पुरुष हत्तीरोगाने होणाऱ्या अंडवृद्धीबद्दल तुझ्याशी बोलणार नाहीत, त्यासाठी आरोग्य सेवक लागेल, तो आधीच मागून घे. आणि स्लाइडवर नंबर काच कोरायच्या पेन्सिलीने टाक, शाईने टाकलास तर धुताना जाईल.

कळावे, लोभ असावा.

तुझे,
सर