नव्या क्रिकेट-देशांतील प्रशासकाची वाट

प्रश्न : मी 24 वर्षांचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तालुका पातळीवर यष्टिरक्षक म्हणून खेळलो, परंतु राज्य संघापर्यंत मजल जाणार नाही हे आता स्पष्ट झाले आहे. क्लबचे सामने ठरवणे, गुणलेखन करणे, पंचांचे मानधन वेळेवर पोचवणे ही कामे मी मनापासून करतो. क्रिकेट नव्याने रुजत असलेल्या एखाद्या देशात प्रशासक म्हणून कारकीर्द घडवता येईल काय? घरच्यांना हा विचार वेडेपणाचा वाटतो. — एक वाचक, फोंडा

उत्तर : घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण या पेशात शिरण्यासाठी ठरलेली परीक्षा नाही आणि शिरल्यावर ठरलेली बढतीही नाही. तरीही मी आपल्याला परावृत्त करणार नाही. पत्राच्या शेवटी आपण जी कामे सांगितली आहेत, त्यांवरच या पेशाचा पाया उभा राहतो.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी सामने खेळण्याचा हक्क असलेले, 12 आहेत आणि सहयोगी सदस्य नव्वदहून अधिक. परिषदेच्या उत्पन्नातील सिंहाचा वाटा पूर्ण सदस्यांकडे जातो, आणि उरलेला भाग एवढ्या सगळ्या देशांत विभागला जातो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी मंडळाचे कार्यालय म्हणजे दोन-चार पगारी माणसे आणि बाकी सारे स्वयंसेवक. तेथील मुख्य कार्यकारी अधिकारी सकाळी क्रीडा खात्यात अर्ज घेऊन जातो, दुपारी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटतो आणि संध्याकाळी सिमेंटच्या खेळपट्टीवर अंथरलेली मॅट कोठे उसवली आहे हे वाकून पाहतो. सामन्याच्या दिवशी निवांत बसून खेळ पाहण्याचे सुख त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

या क्षेत्रातील सर्वांत अभ्यासण्यासारखी कारकीर्द मला वॉरन ड्यूट्रम यांची वाटते. आंतरराष्ट्रीय परिषदेत स्पर्धांच्या आयोजनाचे काम केलेले हे गृहस्थ 2006 च्या अखेरीस आयर्लंडच्या मंडळाचे मुख्य कार्यकारी झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, 17 मार्च 2007 रोजी, आयर्लंडने विश्वचषकात पाकिस्तानला हरवले. त्या संघातील बरेचसे खेळाडू नोकरी सांभाळून खेळणारे होते. असे विजय चार दिवस गाजतात आणि विसरले जातात. ड्यूट्रम यांनी त्या गाजावाजाचे रूपांतर प्रायोजकांत, खेळाडूंच्या करारांत आणि देशांतर्गत स्पर्धांच्या रचनेत केले, म्हणून 22 जून 2017 रोजी अफगाणिस्तानबरोबर आयर्लंडलाही पूर्ण सदस्यत्व मिळाले. ते 2025 साली पदावरून दूर झाले, म्हणजे जवळजवळ दोन दशके एकाच मंडळाला दिली. इतका धीर आपल्यापाशी आहे काय, हे आधी स्वतःला विचारावे.

उलट बाजूही पाहावी. केनियाने 2003 साली, आपल्या संदीप पाटील यांच्या मार्गदर्शनाखाली, विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली होती. पुढे मंडळ आणि खेळाडू यांच्यातील भांडणांत आणि कारभाराच्या ढिलाईत ती पुण्याई संपली, आणि 2014 मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला. अमेरिकेच्या जुन्या संघटनेला 2015 साली निलंबित करून 2017 मध्ये काढून टाकावे लागले. नव्या मंडळाच्या संघाने 6 जून 2024 रोजी डॅलसमध्ये पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये नमवले, आणि ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा असल्यामुळे आपल्याकडेही आनंद झाला. तथापि पुढच्याच वर्षी सप्टेंबरात तेही मंडळ निलंबित झाले. नेपाळवर सरकारी हस्तक्षेपामुळे 2016 ते 2019 निलंबन होते. या तिन्ही देशांत गुणी खेळाडूंचा तुटवडा नव्हता. लेखापरीक्षण, घटना, वेळेवर आणि स्वच्छ निवडणुका यांत हे देश अडखळले, आणि म्हणूनच आपली वाणिज्य शाखेची पदवी मी यष्टिरक्षणापेक्षा मोलाची मानतो.

दुसरा प्रश्न मैदानाचा. रवांडात किगालीजवळ गहांगा येथे 2017 साली सुंदर मैदान उभे राहिले. त्याच्या निधीसाठी राष्ट्रीय संघाचा कर्णधार एरिक दुसिंगिझिमाना याने 2016 मध्ये नेटमध्ये सलग 51 तास फलंदाजी केली होती. त्यासाठी निधी गोळा करणारी स्वतंत्र संस्था होती, आणि जागा, परवानग्या, हिशेब हे सारे कोणीतरी वर्षानुवर्षे चिकाटीने पाहिले होते. गोव्यात हे शिक्षण आपल्याला घरबसल्या मिळू शकते. येथे गावोगावची मैदाने आधी फुटबॉलची आहेत, जमीन अनेकदा कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असते, पंचायतीचा ना हरकत दाखला लागतो, आणि पावसाळ्यात चार महिने खेळपट्टी झाकून ठेवावी लागते. दुसऱ्या खेळाचे प्रेम असलेल्या गावात क्रिकेटसाठी आठवड्याचे दोन दिवस मिळवणे, तेही फुटबॉलवाल्यांशी वैर न धरता, हीच तर नव्या क्रिकेट-देशातील प्रशासकाची रोजची कसोटी आहे. एका मैदानाचा असा प्रश्न तडीस नेऊन त्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. मुलाखतीत ती प्रमाणपत्रांपेक्षा अधिक बोलतील.

एक गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगेन : पोर्तुगीज शिकावी. गोवा विद्यापीठात ती सोय आहे. पोर्तुगाल, मोझांबिक आणि ब्राझील हे तिन्ही सहयोगी सदस्य आहेत, आणि क्रिकेटचा कारभार व पोर्तुगीज ही दोन्ही ज्याला येतात असा उमेदवार फार विरळा. क्रीडा व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतल्यास चांगलेच, पण त्याआधी दोन-तीन वर्षे एखाद्या क्लबचे किंवा संघटनेचे हिशेब लेखापरीक्षकापुढे ठेवण्याइतके नीट सांभाळावेत. मुंबईत ऑक्टोबर 2023 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश ठरला. ऑलिंपिकमधील खेळालाच सरकारी मदत देणारे अनेक देश आहेत. तेथे आता मंडळांना अर्ज, अहवाल आणि अंदाजपत्रके लिहिणारी माणसे लागतील.

प्रश्न : माझी मुलगी क्रिकेट खेळते आणि तिलाही पुढे याच कामात रस आहे. या क्षेत्रात स्त्रियांना वाव आहे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : निश्चितच आहे, आणि नव्या देशांत तो अधिक आहे, कारण तेथे पुरुषांच्या क्रिकेटची जुनी मक्तेदारी नाही. ब्राझीलने 2020 साली पुरुषांच्या आधी स्त्री खेळाडूंना करार दिले. इंग्लंडहून तेथे स्थायिक झालेल्या मॅट फेदरस्टोन यांनी पोसूस दे काल्दास या शहरातील मुलांमुलींपर्यंत खेळ नेला, आणि आयात बॅटी महाग पडतात म्हणून तेथील एका सुताराने स्थानिक लाकडाच्या बॅटी घडवल्या. रवांडाच्या 19 वर्षांखालील मुलींनी 2023 च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजला हरवले. आपल्या मुलीने खेळ चालू ठेवावा, त्याबरोबर पंच किंवा गुणलेखकाची परीक्षा द्यावी, आणि शाळेच्या संघाचे वेळापत्रक, प्रवास व खर्च यांची जबाबदारी याच मोसमापासून मागून घ्यावी.